विहिरीतला लाल थर

क्युरपीप, मॉरिशस

तीर्थरूप बाबांच्या सेवेशी,

साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आपले पत्र पोचले. विहिरीला पन्नास फुटांवर पाणी लागल्याचे वाचून फार आनंद झाला. मुरूम संपल्यावर मांजऱ्या, म्हणजे भोकाभोकांचा दगड, लागला, त्याखालचा काळा पाषाण सुरुंग लावून फोडावा लागला आणि मग दोन पाषाणांच्या मध्ये हातभर जाडीचा विटकरी मातीचा थर निघाला. ही माती इतक्या खोल, कातळाच्या पोटात कशी गेली असेल, असे आपण विचारले आहे. त्याचे उत्तर मला गेल्या महिन्यात प्रत्यक्ष पाहायला मिळाले, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

येथून सुमारे २०० किलोमीटरवर रेयुनियन नावाचे फ्रेंच बेट आहे. त्यावरील २,६३२ मीटर उंचीचा ‘पितों द ला फुर्नेझ’, म्हणजे भट्टीचे शिखर, हा जगातील अत्यंत जागृत ज्वालामुखींपैकी एक आहे. त्याच्या पूर्वेकडील उतारावर समुद्रालगतचा रस्ता जुन्या-नव्या लाव्हांना ओलांडत जातो आणि कोणता ओघ कोणत्या वर्षीचा, याच्या पाट्या कडेला लावलेल्या आहेत. मी २००७ सालच्या ओघावर उभी राहिले. सुंभाची वेटोळी टाकून ठेवावीत तशा त्याच्या वळ्या थिजलेल्या आहेत आणि वाफा निसटून गेल्यामुळे दगडाला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोके पडली आहेत. बाबा, तो आपला मांजऱ्याच होता! फरक एवढाच, की आपल्याकडे त्या भोकांत पाणी झिरपून झिरपून पांढऱ्या गारगोट्या भरल्या आहेत आणि येथे ती अजून रिकामी आहेत.

जुन्या ओघांवर शेवाळ आणि नेचे वाढलेले आहेत, आणि वरचा दगड कुजून त्याची माती होऊ लागली आहे. या दगडात लोह भरपूर असते, ते पावसात गंजते आणि माती तांबडी होते. पुढचा ओघ अशा मातीवर आला की ती भाजून निघते आणि त्याच्याखाली कायमची गाडली जाते. आपल्या विहिरीतला लाल थर हा तसाच आहे. एक ओघ थंड झाल्यावर आणि दुसरा येण्यापूर्वी, जेव्हा तेथे उघड्यावर ऊन-पाऊस पडत होता, त्या काळातील तो जमिनीचा पृष्ठभाग आहे.

दगडांचे हे साम्य योगायोगाचे नाही. बहुतेक भूवैज्ञानिकांच्या मते ज्या खोल उष्ण स्रोतातून आज रेयुनियनचा लाव्हा येतो, त्याच स्रोतातून सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी सह्याद्रीचा आणि सगळ्या दख्खनचा काळा पाषाण बाहेर पडला. आजही तो सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. भट्टी जवळपास जागेवरच राहिली. आपली भूमी तिच्यावरून उत्तरेकडे निघून गेली. आजी काजळ धरताना दिव्यावर पितळी ताटली धरत असे आणि हात हलला की ताटलीवर काळी रेघ उमटत असे, ते आपणास आठवत असेल. तशीच रेघ हिंदी महासागराच्या तळावर उमटली आहे: लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मग मॉरिशस आणि शेवटी रेयुनियन. १९८७ साली एका संशोधन जहाजाने आपण बोअर घेतो तसे समुद्रतळाला बोअर घेतले, तेव्हा मालदीवजवळचा पाषाण सुमारे ५ कोटी ७० लाख वर्षांचा आणि चागोसजवळचा सुमारे ४ कोटी ९० लाख वर्षांचा निघाला. मी राहते ते मॉरिशस जेमतेम ८०-९० लाख वर्षांचे आहे, तर रेयुनियन त्याहूनही कितीतरी लहान. चागोसनंतर मात्र रेघ तुटल्यासारखी दिसते, कारण नवा समुद्रतळ जेथे तयार होतो ती भेग या स्रोतावरून सरकली. म्हणून मॉरिशस आज आपल्या प्रस्तरावर, म्हणजे भूकवचाच्या सरकत्या तुकड्यावर, नसून पलीकडच्या, आफ्रिकेच्या बाजूच्या प्रस्तरावर आहे.

रेयुनियनपासून आपला सातारा सुमारे ४,७०० किलोमीटर दूर आहे. मी हिशेब केला, तर वर्षाला सरासरी सात सेंटिमीटर आले. प्रत्यक्षात वेग सारखा नव्हता. सुरुवातीला भारत वर्षाला १५ सेंटिमीटरहूनही वेगाने जात होता. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी आशियाला धडकून हिमालय उचलला जाऊ लागल्यावर तो मंदावला आणि आता वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर सरकतो.

मला सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ साली खंड सरकतात असे मांडले, तेव्हा ते फारसे कोणी मानले नाही. लाव्हा थिजताना त्यातील लोहाचे कण त्या वेळच्या चुंबकीय दिशेत स्थिर होतात आणि त्यांच्या कलावरून तो दगड कोणत्या अक्षांशावर थिजला हे कळते. १९५० च्या दशकात दख्खनचे दगड तपासले गेले, तेव्हा ते विषुववृत्ताच्या दक्षिणेस थिजल्याचे आढळले. बहुतेक विद्वान अजून साशंक असताना आपल्या डोंगरांच्या कातळाने ही साक्ष दिली, याचा मला अतिशय अभिमान वाटतो.

रेयुनियनच्या राष्ट्रीय उद्यानातून दगड उचलण्यास मनाई आहे, म्हणून मी फक्त छायाचित्रे आणली. ती सोबत पाठवीत आहे. विहिरीच्या काठावरचा ढीग बांधाच्या भरावासाठी उचलू देण्यापूर्वी त्यातला गारगोट्या असलेला मांजऱ्याचा एक तुकडा आणि लाल थराची मूठभर माती आपल्याजवळ राखून ठेवावी, मी दिवाळीत आल्यावर पाहीन. आईस नमस्कार, चिरंजीव बाळूस अनेक आशीर्वाद.

आपली,
सुमन