भरलेली गाडी घाट उतरायला कोण शिकवणार? परिवहन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय परिवहन मंत्री,
कर्नाटक राज्य, बेंगळुरू

माननीय महोदय,
स. न. वि. वि.

मी निपाणीचा रहिवासी. १९८७ साली क्लीनर म्हणून गाडीवर चढलो, पुढे सत्तावीस वर्षे स्टेअरिंग धरले आणि आता दोन दहाचाकी गाड्या चालवून घेतो. विषय मांडताना शब्द चुकू नयेत म्हणून हे पत्र माझ्या भाषेत लिहीत आहे. त्याची कन्नड प्रत आपल्या कार्यालयाकडे वेगळी पाठवली आहे. सांगायचे ते एवढेच की, अवजड वाहनाचा परवाना खिशात घालून आमच्याकडे कामाला येणाऱ्या मुलांना भरलेली गाडी घाटातून उतरवता येत नाही, आणि ते शिकवण्याची जबाबदारी आज कोणाचीच नाही.

गेल्या हंगामात असाच एक बावीस वर्षांचा मुलगा माझ्याकडे आला. परवाना खरा होता, गाडी सरळ रस्त्यावर चांगली चालवत होता, मागे घेतानाही चुकत नव्हता. संकेश्वरच्या बाजूने साखरेची पोती भरून आम्ही निपाणीकडे निघालो आणि मी त्याच्या शेजारी बसलो. तवंदी घाटाच्या माथ्यावर त्याने सहावा गिअर तसाच ठेवला आणि उतार लागताच ब्रेकवर पाय ठेवून गाडी आवरू लागला. दुसऱ्या वळणापर्यंत ब्रेकचे लायनर जळाल्याचा वास केबिनमध्ये आला आणि ब्रेकच्या हवेचा दाब दाखवणाऱ्या मीटरचा काटा उतरू लागला. तो काटा कशाचा, हे त्याला ठाऊकच नव्हते. मी एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे इंजिनाचा धूर अडवून वेग तोडणारा ब्रेक, लावायला सांगितला, वेग तुटल्यावर तिसरा गिअर घालून घेतला आणि रस्ता रुंद झाला तिथे गाडी कडेला घेतली. खाली उतरून त्याला मागच्या चाकाच्या हबजवळ नुसता तळहात न्यायला लावला, टेकवायला नाही. त्याने हात झटकन मागे घेतला. तापलेल्या ब्रेक ड्रमवर पाणी ओतायला तो कॅन घेऊन धावला, तेव्हा ड्रमला तडा जातो म्हणून त्याला थांबवावे लागले. पाऊण तास आम्ही तसेच बसून होतो.

त्या मुलाचा यात दोष नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे परिवहन वाहनाच्या शिकवणीला किमान तीस दिवस आणि प्रत्यक्ष चालवण्याचे पंधरा तास लागतात. तो ज्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकला, तिथे एका जुन्या सहाचाकी गाडीवर पाच मुले आळीपाळीने बसत आणि ती गाडी कायम रिकामी असे. रिकाम्या गाडीचा ब्रेक कसाही दाबला तरी लागतो. २०१८ मध्ये धुऱ्यांवरची (ॲक्सलवरची) वजनमर्यादा वाढल्यापासून दहाचाकी गाडी मालासकट साडेअठ्ठावीस टनांपर्यंत भरता येते. त्या वजनाला उतारावर ब्रेक पुरत नाही. ते इंजिनाने आणि गिअरने आवरावे लागते, ब्रेक मध्येच थोडा मारून सोडायचा असतो. ज्या गिअरने घाट चढला असता त्याच गिअरने तो उतरायचा, हा आमच्या पिढीचा साधा हिशेब होता. तो लेखी परीक्षेत पाठ करून येत नाही, पायाला कळावा लागतो.

यात आणखी एक घातक सवय मिसळते. डिझेल वाचते म्हणून उतारावर गाडी न्यूट्रल करायची, ही युक्ती मुले जुन्या चालकांकडूनच उचलतात. आजच्या बीएस-६ इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना उतारावर ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की डिझेलचा पुरवठाच थांबतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल जळतच राहते. म्हणजे जीव धोक्यात घालून वाचते काहीच नाही. ही गोष्ट मी स्वतः फार उशिरा शिकलो, आणि त्याआधी कित्येक वर्षे न्यूट्रलमध्ये गाड्या उतरवल्या, हे कबूल करतो.

पूर्वी ही शिकवण क्लीनरच्या कामातून होत असे. चार-पाच वर्षे शेजारी बसून, रात्री टॉमीने, म्हणजे लोखंडी दांड्याने, टायर ठोकून आतल्या जोडचाकातली हवा गेली आहे का ते आवाजावरून ओळखून, ताडपत्री आणि दोर आवळून, मग कधीतरी रिकाम्या रस्त्यावर स्टेअरिंग हातात मिळे. त्या पद्धतीचे गोडवे मी गाणार नाही. मार खाल्लेला आहे, महिनोन्महिने नुसत्या जेवणावर काम केलेले आहे, आणि परवाना नसताना गाडी चालवलेलीही आहे. पण शेजारी जाणते माणूस असे, हे खरे. आता भाड्यात दोन माणसांचा खर्च निघत नाही. राष्ट्रीय परवान्याच्या (नॅशनल परमिटच्या) गाडीवर दोन चालक असण्याची अटही २०१८ मध्ये निघून गेली. नवा मुलगा पहिल्याच फेरीला एकटा निघतो.

केंद्राने २०२१ मध्ये मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम आणले. त्यांत अवजड वाहनासाठी सहा आठवडे आणि अडतीस तासांचा अभ्यासक्रम आहे, सिम्युलेटर आहे, चाचणीचा ट्रॅक आहे, आणि ही पायरी स्वागतार्ह आहे. पण अशा केंद्राला दोन एकर जागा लागते आणि ती जागा सपाट असते. तिथून उत्तीर्ण झालेल्याला आरटीओतली चालवण्याची चाचणीही माफ आहे. तेव्हा घाट कुठे आला?

बेळगाव जिल्ह्यात घाट शोधायला लांब जावे लागत नाही. राष्ट्रीय महामार्ग ४८ वर तवंदी आणि वंटमुरी आहेत. गोव्याकडे जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला उतरतो. हंगामात त्यांत उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्री मागचा दिवा नसताना पुढे येतात, तो धडा वेगळाच.

म्हणून माझी विनंती अशी आहे की, अवजड वाहनाच्या अंतिम चाचणीपूर्वी किमान दोन वेळा वजन भरलेली गाडी, अनुभवी प्रशिक्षक शेजारी असताना, घाटातून उतरवणे राज्याने आपल्या अखत्यारीतील प्रशिक्षणात सक्तीचे करावे आणि केंद्राकडे त्यासाठी नियमबदल मागावा. वायव्य कर्नाटक परिवहन महामंडळाचे बेळगाव आणि चिक्कोडी असे दोन विभाग इथे आहेत. घाटात बस चालवून मुरलेले त्यांचे निवृत्त चालक प्रशिक्षक म्हणून घेता येतील. परवाना मिळाल्यावर पहिले तीन महिने नव्या चालकाने जाणत्याच्या शेजारी पगारावर काम करावे, अशी योजना हवी. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा पाव हिस्सा, महिन्याला कमाल दीड हजार रुपये, केंद्र देते. पण चारपेक्षा कमी माणसे असलेला मालक तिच्यात बसत नाही. आमच्यासारख्या एक-दोन गाड्यांच्या मालकांची मिळून एक तुकडी धरली, तर हा अडसर राज्याला दूर करता येईल.

भाषेबद्दल एक शब्द. माझ्या गाडीवर गोकाकचा मुलगा असतो तेव्हा मी मोडक्या कन्नडमध्ये शिकवतो, खानापूरचा असतो तेव्हा मराठीत. बाजारातले कन्नड येणाऱ्या मुलालाही कन्नड पुस्तिकेतला एअर ब्रेक समजत नाही. तो उत्तरे पाठ करतो. या भागातल्या प्रशिक्षण केंद्रांत दोन्ही भाषांत शिकवावे, ही मागणी सीमावादाची समजू नये.

गळीत हंगाम संपला की एप्रिलमध्ये माझी एक गाडी रिकामी उभी असते. आपल्या खात्याने प्रशिक्षक आणि विम्याची सोय केली, तर ती गाडी वाळू भरून पहाटे तवंदीच्या माथ्यावर आणून देण्याची माझी तयारी आहे. डिझेल माझे.

आपला,
निपाणी येथील एक जुना चालक