चिठ्ठी लावून ठेव

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

सणाच्या सुट्टीत दोन्ही पोरांना घेऊन कपकेक करणार, म्हणून काल फोनवर तू रेसिपी मागितलीस. रेसिपी चार ओळींची आहे. पण सोबत मुलं असली की ते काम चार ओळींत आटपत नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

सगळं एका दिवसात उरकायला जाऊ नकोस. संध्याकाळी भाज, सजावट दुसऱ्या दिवशी सकाळी. केक पुरता गार व्हायला तासभर लागतो, आणि चार वर्षांच्या मुलाला समोर केक ठेवून तासभर थांब म्हणणं हा निव्वळ छळ आहे. कोमट केकवर लावलेलं बटरक्रीम, म्हणजे बटर-साखरेचं आयसिंग, ओघळून कागदात उतरतं, मग रडारड. त्यापेक्षा रात्रभर घट्ट झाकणाच्या डब्यात राहू देत, मऊच राहतात.

बारा कपकेकना १२५ ग्रॅम बटर, तेवढीच साखर, तेवढाच मैदा, २ अंडी, दीड छोटा चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, दोन मोठे चमचे दूध आणि थोडा व्हॅनिला. बटर, अंडी, दूध तासभर आधी फ्रीजबाहेर काढ. गार अंडं पडलं की मिश्रण फुटतं. फुटलंच तर त्यातला चमचाभर मैदा आधी घाल, सावरतं.

मुलांना ढवळायला हवं असतं, आणि नेमकं ते चुकीच्या वेळी हवं असतं. म्हणून बटर आणि साखर फेटायचं काम थोरलीकडे दे. तिथे कितीही फेटलं तरी चालतं, हात दुखेपर्यंत फेटू दे. रंग पांढरट झाला, मिश्रण हलकं झालं की तिला स्वतःलाच कळेल. एकदा मैदा पडला की चमचा तुझ्या हातात घे आणि खालून वर अलगद मिसळ. कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबायचं. जास्त घोटलं तर मैद्यातलं ग्लुटेन, म्हणजे त्यातलं चिवट प्रथिन, ताणलं जातं आणि केक चिवट होतो. धाकट्याने अंडी वेगळ्या वाटीत फोडावीत. टरफलाचा तुकडा पडला तर बोटाने काढू नका, बोटापासून तो निसटतच राहतो. टरफलाच्याच मोठ्या तुकड्याने उचला, पटकन येतो.

भांडं चाटायला मात्र देऊ नकोस. कच्च्या अंड्याचं सगळ्यांना माहीत असतं, पण कच्चा मैदाही पोटाला धोक्याचाच. चाटायला उद्या आयसिंगचा चमचा आहे म्हणून सांग.

साच्यातले कागदी कप दोन तृतीयांशच भर. ओव्हन आधी १८० अंशांवर तापवून घे, पंख्याचा असेल तर १६०. अठरा ते वीस मिनिटं, आणि पहिली पंधरा मिनिटं दार उघडायचं नाही. ही पंधरा मिनिटं वाया घालवू नकोस. ओव्हनचा दिवा लाव आणि दोघांना काचेपासून हातभर लांब बसव. आधी कडा धरतात, मधला भाग अजून ओलसर चकाकत असतो, आणि मग हळूहळू तो वर चढतो. तू लहानपणी हे श्वास रोखून बघायचीस. ‘कपकेक’ का म्हणतात, असं थोरली हमखास विचारेल. तिला सांग, १७९६ साली अमेरिकेत छापलेल्या अमेलिया सिमन्स यांच्या पाककृतींच्या पुस्तकात छोट्या कपांत भाजायच्या केकची कृती आहे. टूथपिक कोरडी निघाली की पाच मिनिटांनी केक साच्यातून जाळीवर काढ, नाहीतर वाफ धरून बुडं ओली होतात.

आयसिंगला १५० ग्रॅम मऊ बटर, ३०० ग्रॅम चाळलेली आयसिंग शुगर, चमचाभर दूध. तीन वाट्या, तीनच रंग. जास्त दिलेस तर शेवटी सगळं मातकट होतं. जेल रंग टूथपिकच्या टोकावर येईल तेवढाच घे, काही तासांत तो आपोआप गडद होतो, लाल तर फारच. पायपिंग बॅग, म्हणजे आयसिंग पिळायची पिशवी, अर्धीच भर आणि वरचं तोंड पिळून रबर बँड लाव, म्हणजे लहान मुठीत दाबली तरी आयसिंग मागून बाहेर येत नाही. धाकट्याला चमच्याची पाठ पुरे. स्प्रिंकल्स लगेच टाकायला सांग, वरचा थर सुकला की चिकटत नाहीत. कडक गोल गोळ्या आणि अख्खे दाणे त्याच्या कपकेकवर नकोत, घशात अडकतात.

आता जे सांगायला हे पत्र लिहायला घेतलं ते. तू सहा वर्षांची होतीस. बारा कपकेक तू एकटीने सजवलेस आणि झोपायला गेलीस. दुसऱ्या दिवशी पाहुणे येणार होते. एका केकवर तू सगळं पांढरं आयसिंग मागच्या कडेला ढीग करून ठेवलं होतंस, पुढचा भाग कोरा. मला वाटलं, हात घसरला असेल. मी सुरीने बाराही खरवडले आणि एकसारखी गुलाबाची फुलं काढली. सकाळी तू डबा उघडलास, बराच वेळ बघत राहिलीस आणि विचारलंस, “आजीचा अंबाडा कुठे गेला?”

मला काही उत्तर देता आलं नाही. पुढच्या वर्षी तू फेटायला आलीस, पण सजवायला बसली नाहीस. ते मला आजही लागतं.

म्हणून पाहुण्यांसाठी नीटनेटके हवे असतील तर सहा जास्तीचे कर आणि ते तू हवे तसे सजव. पोरांच्या केकना हात लावू नकोस. प्रत्येकाखाली चिठ्ठी ठेव, कोणता कोणाचा, आणि काय लिहायचं ते त्यांनाच विचार.

तुझा,
बाबा