पॉवर स्टिअरिंग ऑइलची टाकी कपाटाच्या तळाशी बंद. वॉरंटी नाकारल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभागप्रमुख,
मोटारहोम विभाग

विषय: स्टिअरिंग पंप विनामूल्य बदलून देणे, ऑइलच्या टाकीची जागा सुधारणे आणि पुस्तिकेत तपासणीची माहिती देणे याबाबत.

महोदय,

आपण डिझेल ट्रकच्या चेसिसवर बांधून दिलेल्या आमच्या मोटारहोमचा (राहण्याची सोय असलेल्या गाडीचा) पॉवर स्टिअरिंग पंप वॉरंटीच्या मुदतीतच निकामी झाला. इंदूरच्या आपल्या अधिकृत सेवा केंद्राने ‘ऑइल कमी असताना गाडी चालवली’ असा शेरा मारून वॉरंटी नाकारली. हा शेरा आम्हाला मान्य नाही. ज्या टाकीपर्यंत ग्राहकाचा हात पोहोचत नाही, तिच्यातले ऑइल त्याने तपासले नाही म्हणून त्याला दोषी धरता येत नाही.

टाकी कुठे आहे, हे आपल्या पुस्तिकेत कुठेही नाही. चेसिसच्या मूळ पुस्तिकेतल्या चित्रात ती रेडिएटरच्या बाजूला, समोरची जाळी उघडताच दिसेल अशी आहे. बॉडी बांधताना आपण ती तिथून काढून चालकाच्या मागच्या कपाटाच्या तळाशी नेली आणि तिच्यावर प्लायची फळी बसवली. डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी मोजायची पट्टी, बाहेर काढायची तर आधी फळीचे आठ स्क्रू आणि पिण्याच्या पाण्याचा पाइप सोडवावा लागतो. आपल्या पुस्तिकेत याबाबत एकच ओळ आहे, ‘पॉवर स्टिअरिंग ऑइल नियमित तपासावे.’ ते कसे आणि कुठून तपासायचे, याबद्दल एक अक्षरही नाही.

खरे तर पुस्तिकेत ही माहिती अर्ध्या पानात मावली असती. गाडी सपाट जागेवर लावून हँडब्रेक ओढावा, चाकांना ठोकळे लावावेत. झाकण उघडण्याआधी भोवतीची धूळ पुसावी, कारण टाकीत पडलेला कचरा थेट फिल्टरवर आणि पुढे व्हॉल्व्हवर जातो. इंजिन संथ चालू ठेवून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तीन-चार वेळा फिरवावे, मात्र टोकाला 5 सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरू नये. तिथे जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि तेच ऑइल पंपात फिरत राहून झपाट्याने तापते. मग डिपस्टिक पुसून, पुन्हा पूर्ण आत घालून पातळी वाचावी. ऑइल गरम असेल तर वरची खूण पाहावी, थंड असेल तर खालची. हा फरक किरकोळ नाही. ऑइलचे तापमान 50 अंशांनी वाढले की 2 लिटरमागे साधारण 70 ते 80 मिलिलिटर फुगवटा येतो. थंड असताना वरच्या खुणेपर्यंत भरलेली टाकी घाटात झाकणातून ओघळते, ती याच कारणाने.

शेवटची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. इंजिन बंद केल्यावर अशा चेसिसवर पातळी एक-दोन सेंटिमीटर वर येते. त्याहून जास्त चढली तर सिस्टिमने हवा धरली आहे, असे समजावे. एवढे जरी छापले असते तरी आमचा पंप वाचला असता, कारण बिघाड नेमका हवेचाच होता.

फळी काढून तपासणी केली तेव्हा पुढील गोष्टी आढळल्या. फोटो सोबत आहेत.

मूळ जागी टाकी पंपाच्या तोंडापेक्षा वर होती, त्यामुळे ऑइल आपल्या वजनाने पंपात उतरत असे. आपण हलवलेली टाकी जवळपास पंपाच्याच पातळीत आहे आणि सक्शनचा होज (टाकीतून पंपाकडे ऑइल ओढून नेणारी रबरी नळी) लांब होऊन त्याला काटकोनात वळण पडले आहे. शिवाय हा होज ऑइलचा नसून रेडिएटरच्या पाण्याचा आहे. पाण्याच्या होजचे रबर ए.टी.एफ.मध्ये (ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड, स्टिअरिंगमध्ये वापरायचे ऑइल) फुगून मऊ होते आणि पंपाच्या ओढीने आतून चपटे होते. त्याची क्लिपही ढिली होती. सक्शनच्या बाजूला दाब नसतो, ओढ असते. म्हणून तिथून ऑइल गळण्याआधी हवा आत शिरते आणि बाहेर एक थेंबही दिसत नाही. ऑइल फेसाळून ताकासारखे पांढुरके होते, पंप घूं-घूं आवाज करू लागतो आणि बुडबुडे फुटून आतली धातूची रिंग खरवडली जाते. तिचा कीस फिल्टरमध्ये सापडला आहे. तो स्टिअरिंग गिअर बॉक्सच्या व्हॉल्व्हपर्यंत गेला असेल, तर एकटा पंप बदलून भागणार नाही.

सेवा केंद्राच्या आधीच्या बिलावर ‘स्टिअरिंग ऑइल टॉप अप, 1 लिटर’ अशी नोंद आहे. ही सिस्टिम बंद असते, इंजिनासारखी ऑइल पीत नाही. एक लिटर कमी झाले तर ते कुठेतरी गेलेच असणार. जागा न शोधता वरून भरून देण्याला सर्व्हिस म्हणत नाहीत. टाकीच्या झाकणावर डेक्सरॉन 3 प्रकारचे ए.टी.एफ. असे लिहिले आहे. बिलावर प्रकाराचा उल्लेखच नाही. लाल दिसते म्हणून तेच आहे, हे उत्तर चालणार नाही, कारण रंग ओळखीपुरता मिसळलेला असतो आणि न जुळणाऱ्या ऑइलने सील खराब होतात.

पाण्याच्या भरलेल्या टाक्या आणि सामानासह मोटारहोमच्या पुढच्या अ‍ॅक्सलवर मोठे वजन असते. पंप बंद पडला की स्टिअरिंग तुटत नाही, पण दगडासारखे जड होते. इंदूर-खंडवा रस्त्यावर सिमरोलच्या पुढे भेरूघाटाच्या वळणावर असे झाले, तर चालकाच्या हाती फारसे काही उरत नाही. अमेरिकेत फोर्डच्या एफ-53 सारख्या चेसिसवर हाच पंप ब्रेकचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरलाही दाब पुरवतो, म्हणून तिथले मोटारहोमवाले ही डिपस्टिक इतक्या गांभीर्याने पाहतात. आमच्या गाडीला हवेच्या दाबावर चालणारे एअर ब्रेक आहेत, एवढाच दिलासा.

आमची मागणी स्पष्ट आहे. पंप, फिल्टर आणि सक्शन होज विनामूल्य बदलावे. होज ऑइलचाच असावा. गिअर बॉक्स उघडून तपासावा, पूर्ण सिस्टिम धुऊन झाकणावर लिहिलेलेच ऑइल भरावे आणि त्याचा प्रकार बिलावर नोंदवावा. टाकी मूळ जागी न्यावी. ते शक्य नसेल तर पंपापेक्षा वर बसवून कपाटाला हाताने उघडणारी झडप करावी. आणि याच नमुन्याच्या ज्या गाड्या आपण विकल्या, त्यांच्या मालकांना टाकीची जागा आणि तपासणीची पद्धत लेखी कळवावी. ही मागणी आमच्यासाठी पंपाच्या किमतीइतकीच महत्त्वाची आहे.

पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर द्यावे. अन्यथा ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार इंदूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करू. तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगात जाण्याची मुभा या कायद्याच्या कलम 34 मध्ये आहे आणि वापराच्या पुरेशा सूचना न देणे हाही उत्पादकाचा दोष असल्याचे कलम 84 सांगते.

जुना पंप, कापलेला होज आणि फिल्टरमधला कीस आम्ही जपून ठेवला आहे. आपला तंत्रज्ञ इंदूरला येऊन तो आमच्यासमोर पाहू शकतो. हे भाग ताब्यात हवे असल्यास पोच देऊनच न्यावेत.

आपले,
मोटारहोमचे मालक, इंदूर

सोबत: खरेदीचे बिल, वॉरंटी कार्ड, सेवा केंद्राची दोन्ही बिले, टाकी आणि होजचे फोटो