रविवारी आमदार येणारेत, घरटी एकजण तरी या
मंडळी, रविवारी सकाळी 10 वाजता आमदार साहेब गल्लीच्या देवळात येणारेत. मेन रोडला आपली गल्ली मिळते तिथं दिवे नाहीत आणि ऊसाच्या ट्रॉल्यांना मागं रिफ्लेक्टर नाही, अंधारात अगदी जवळ गेल्याशिवाय दिसतच नाही, पोरं ट्यूशनवरून त्याच वाटेनं येतात म्हणून हाच विषय पहिला घ्यायचा. आमदार फंड वर्षाला 2 कोटी, त्यात सगळा मतदारसंघ बघायचा असतो, तेव्हा नुसतं तोंडी सांगून भागत नाही, लेखी अर्ज आणा, कर्नाटकात सरकारी काम कन्नडमधून चालतं, म्हणून सोबत अर्जाची कन्नड कॉपी जोडली की काम लवकर पुढं सरकतं. बेळगावच्या सुवर्णसौधमधल्या (कर्नाटक विधिमंडळाची इथली इमारत) हिवाळी अधिवेशनात प्रश्न मांडा म्हणूनही सांगूया. बायकांनी नक्की या, पाण्याचे हाल त्यांनाच ठाऊक. रात्री-अपरात्री काही झालं तर लगेच 112 ला फोन लावा.