अजब बंगल्यातली ठेव

नागपूर

प्रिय मित्रा,

"गुंगेरियाची ठेव आमच्या बालाघाटची, ती तुमच्या नागपुरात कशाला?" हा तुझा प्रश्न मनातून जाईना. म्हणून रविवारी पुन्हा अजब बंगल्यात, म्हणजे आमच्या नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, जाऊन आलो.

काचेपलीकडे ती तांब्याची कुऱ्हाड आहे. धारेकडे रुंद होत गेलेलं चपटं पातं, दांड्यासाठी भोक नाही, अंगावर हिरवट गंज. १८७० साली गुंगेरिया गावाजवळ गुरं राखणाऱ्या दोन पोरांना हा प्राचीन साठा सापडला: ४२४ तांब्याच्या वस्तू आणि १०२ चांदीचे पत्रे. नुसतं तांबंच सुमारे पावणेचारशे किलो! काही वस्तू तर थेट लंडनला गेल्या. त्या पोरांच्या हाती काय लागलं असेल, हा विचार मला दरवेळी अस्वस्थ करतो.

तेव्हा बालाघाट आणि नागपूर एकाच मध्य प्रांतात होते. भोसल्यांचं राज्य १८५४ साली खालसा झालं, १८६१ मध्ये हा प्रांत झाला आणि १८६३ मध्ये चीफ कमिशनर रिचर्ड टेंपलने हे संग्रहालय काढलं. त्याच वर्षी नागपुरातला मिशनरी स्टीफन हिस्लॉप टाकळघाटची प्राचीन दगडी वर्तुळं पाहून परतताना पुरात बुडाला. त्याचे आदिवासींवरचे कागद पुढे टेंपलनेच छापले. राज्यकर्ते म्हणून या लोकांबद्दल माझ्या मनात राग आहे, पण हिस्लॉपबद्दल बोलताना जीभ अडखळते.

पुढे वऱ्हाड जोडलं गेलं. १९५० साली मध्य प्रदेश झाला, राजधानी नागपूरच. १९५६ मध्ये आम्ही मुंबई राज्यात आलो, तुम्ही तिकडेच राहिलात. १९६० मध्ये महाराष्ट्र. माझ्या आजीने हे सगळं पाहिलं, पण तिच्या तोंडी शेवटपर्यंत 'अजब बंगला'च.

तुझं दुःख मला कळतं. गावच्या पोरांना गावची वस्तू दिसायला हवी, त्यासाठी अधूनमधून ती तिकडे प्रदर्शनाला जावी, असं मलाही मनापासून वाटतं. पण कायमची वाटणी नको रे. आपण एका घरचे होतो, हे कागदावर कुठे उरलंय? त्या कपाटात उरलंय.

दिवाळीनंतर पोरांना घेऊन ये. गोंदियाहून गाडीत बसलास की फोन कर, मी स्टेशनावर येतो. तुझ्या धाकट्याला ती कुऱ्हाड मीच दाखवणार.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
होस्टेलचा जोडीदार