वायर हातात धरून उभ्या राहिलेल्या मामांना

आदरणीय मामा,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमची नात तुम्हाला वाचून दाखवेल. समोर आभार मानायला आले होते, तेव्हा तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणालात, पक्कड पिशवीत टाकलीत आणि सायकलवर बसून निघूनही गेलात. माझ्या मनातलं मनातच राहिलं. ग्लासगोला परत येऊन महिने झाले तरी ते जात नाही, म्हणून आता चारचौघांसमोर लिहिते आहे.

ग्लासगोत डिसेंबरात दुपारी पावणेचारला सूर्य मावळतो. तो अंधार मला सोसत नाही. म्हणून हिवाळाभर कोल्हापुरात राहायचं आणि ग्लासगोतलं काम तिथून करायचं, असं मी कंपनीशी ठरवून घेतलं. ऑक्टोबर संपता संपता ग्लासगोतली घड्याळं एक तास मागे जातात आणि दोन्हीकडच्या वेळेत साडेपाच तासांचं अंतर पडतं. त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे आपले दुपारचे अडीच. त्यामुळे रात्री साडेदहापर्यंतचा वेळ कंपनीचा, पण सकाळ सगळी माझी. अंबाबाईचं दर्शन, महाद्वार रोडवरून रमत गमत रंकाळ्यापर्यंत फेरी. नोव्हेंबरातला किरणोत्सव बघायचा आणि जानेवारी संपताना पुन्हा तो दुसरा. मावळतीचं ऊन महाद्वारातून आत येऊन देवीच्या चरणांवरून वर वर सरकताना बघितलं की पुढचं वर्षभर पुरतं मला.

आमचं स्वतःचं घर पाडून तिथे अपार्टमेंट उभं राहिलं. म्हणून भाड्यानं का होईना, काळ्या दगडाचं जोतं, सोपा, चौक, माडी आणि मागं परडं असलेलं घर हवं होतं. घरमालकीण आज्जींचा वाडा मिळाला तेव्हा मी सोप्यात नुसती बसून राहिले होते. शंभरी ओलांडलेलं घर, पण सागवानी खांबांना अजून कीड नाही आणि दुपारी बाराच्या उन्हातसुद्धा आत गारवा.

अडचण एकच, माझं काम. त्या भिंती दीड-दीड हात रुंद. खालचं वायफाय माडीवर पोचत नाही, माडीवरचं मागच्या खोलीत जात नाही. वायरिंग जुनं, कापडी वेष्टणाचं, कुठं काय जोडलंय ते कुणालाच माहीत नाही. आणि ते नीट करून द्यायला जे आले त्यांच्याबद्दल मला आजही राग आहे, तो मी लपवणार नाही. एकानं आल्या आल्या ड्रिल काढून सरळ तुळईला लावलं. आज्जी ओरडल्या म्हणून तुळई वाचली. दुसऱ्यानं सगळं नवीन करून देतो म्हणून आगाऊ पैसे घेतले आणि फोन उचलायचं बंद केलं. इंटरनेटच्या कंपनीकडून आलेला मुलगा दारातूनच म्हणाला, "ह्या पडक्यात कशाला राहताय मॅडम, ताराबाई पार्कात फ्लॅट घ्या की." आणि एकजण तर माझ्या तोंडावर म्हणाला की लॅपटॉपवर बसून बायका कसलं काम करतात, मोबाईलचं नेट पुरेल. घर नकोसं आणि घरात राहणारीचं कामही खोटं, असाच सगळ्यांचा सूर होता.

मग आज्जींनी तुम्हाला बोलावलं.

तुम्ही आधी कशालाच हात लावला नाहीत. चप्पल बाहेर काढून सगळा वाडा फिरलात. खांबांवर हात फिरवलात, तक्तपोशीकडे मान वर करून बराच वेळ बघत राहिलात. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं त्याची आठवण तुम्हीच काढलीत. शाहू महाराजांच्या काळातलं लाकडाचं काम एका रात्रीत कसं गेलं, ते सांगताना तुमचा आवाज बसला होता. "लाकडाच्या घरात वायर लाकडावरनं न्हाई न्हेयची, ताई. दोन दिस जास्त लागतील, पर भिंतीनंच न्हेऊ." आणि तसंच केलंत. एकाही खांबाला खिळा नाही. परड्यात खड्डा काढून मीठ-कोळसा घालून अर्थिंग केलंत. आज्जी म्हणाल्या, त्यांच्या लग्नानंतर पहिल्यांदाच त्या घरात नीट अर्थिंग झालं. बाकी कामाचं काय सांगू, ते दिसतंच आहे.

मला सांगायचं आहे ते त्या संध्याकाळचं.

विमा कंपनीत मी पुराच्या नुकसानीचे दावे बघते. त्या दिवशी साडेसातला एका बाईंशी बोलायचं होतं. स्कॉटलंडमधल्या एका गावात घरात पाणी शिरलेलं, वय सत्तरीच्या पुढचं, घरात एकट्या. त्या कशाबशा बोलायला तयार झाल्या होत्या. मध्येच फोन तुटला असता तर त्यांना सगळं पहिल्यापासून सांगायला लागलं असतं. आणि नेमकं सव्वासातला माडीवरच्या डब्यात लाल दिवा लागला.

इंटरनेट हे तुमचं काम नव्हतं. तुम्ही तर हत्यारं गोळा करून निघाला होतात. माझा चेहरा बघून थांबलात. वायर कुठून आली ते बोटानं चाचपत गेलात आणि चौकटीच्या कोपऱ्यावर ती करकचून वाकलेली सापडली. फायबरची वायर अशी वाकली की आतला उजेड बाहेर निसटतो आणि सिग्नल जातो, हे तुम्हाला कुणी शिकवलेलं नव्हतं. तुम्ही नुसती ती वर उचललीत, तळहातावर सैल वळण दिलंत, आणि दिवा हिरवा झाला. हात खाली घेतला की लाल, वर धरला की हिरवा.

तिथं बांधायला काही नव्हतं, नीट जोडायला वेळ नव्हता. तुम्ही स्टुलावर चढलात, हात वर धरलात आणि म्हणालात, "तुम्ही निवांत बोला, मी हाय हितं."

पाऊण तास, मामा. तुमच्या वयाच्या माणसानं पाऊण तास हात वर धरून उभं राहायचं म्हणजे काय असतं! मी मध्ये मध्ये मागं वळून बघत होते, तर तुम्ही डाव्या हातानं उजव्या कोपराला आधार दिला होता आणि मला 'चालू दे' अशी मान हलवत होता. खोकला आला तो तोंड खांद्यात दाबून खोकलात, कारण तिकडे आवाज जाईल. त्या बाई रडल्या, थांबल्या, पुन्हा बोलल्या. त्यांचं बोलणं एकदाही तुटलं नाही.

एवढ्यावरही मी आभार मानून विसरले असते कदाचित. पण खाली उतरून दंड चोळत तुम्ही विचारलंत, "पुराचं हुतं काय?" इंग्रजीतला एक शब्द तेवढा तुमच्या कानाला लागला होता. मी हो म्हणाले. मग तुम्ही 2019 चं सांगितलंत. पंचगंगेचं पाणी उतरल्यावर कितीतरी दिवस नुसती चिखलानं भरलेली मीटरं आणि बोर्ड उघडत होतात, धुऊन वाळवत होतात, आणि कुणाकडेच पैसे नव्हते म्हणून मागितलेही नाहीत. आणि जाता जाता दारात थांबून विचारलंत, "मिळतील न्हवं म्हातारीला पैसे?"

माझ्या हाताखालून इतके दावे गेले. त्या माणसांना पैसे मिळतील का, असं आजवर घरातल्या कुणी मला विचारलं नव्हतं. तुम्ही त्या बाईंना बघितलेलं नाही, त्यांची भाषा तुम्हाला येत नाही, त्यांचं गाव कुठं आहे ते ठाऊक नाही. तरी त्यांची काळजी तुम्ही बरोबर घेऊन गेलात. मला कोल्हापूरची माणसं आवडतात ती यासाठी. पुरात अनोळखी माणसाला माडीवर घेणारी, मजुरीचा आकडा सांगताना संकोचणारी, दुसऱ्याच्या घराचं लाकूड आपलं समजणारी माणसं आजही पेठांतून आहेत. आगाऊ पैसे घेऊन गायब होणाऱ्यांचा बोलबाला जास्त होतो आणि तुमच्यासारखे सायकलवरून गल्लीत वळून दिसेनासे होतात, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून हे सगळं नीट, सविस्तर लिहून ठेवलं.

मामा, त्यांना पैसे मिळाले. पूर्ण मिळाले. तुम्हाला हे कळवायचंच होतं.

आता एक कामाचं. वाड्याचं मागचं वायरिंग अजून जुनंच आहे, आणि ते तुमच्याच हातून करून घ्यायचं असं आज्जींनी ठरवलं आहे. मी नोव्हेंबरात किरणोत्सवाच्या आधी येते. तोपर्यंत मजुरीचा आकडा तुमच्या नातीकडून मला कळवा, आणि त्यात त्या पाऊण तासाचेही धरा. ते तुम्ही धरणार नाही हे मला माहीत आहे, म्हणून नातीलाच सांगून ठेवते.

तुमची,
वाड्यातली ताई