दशावताराच्या कॅसेटी फेकू नका, ग्रंथालयात आणून द्या

कुडाळ, वेंगुर्ला, सावंतवाडीकडच्या घरांत ऐंशी-नव्वदच्या दशकांत जत्रेत टेप केलेल्या दशावतारी नाटकांच्या कॅसेटी अजून सापडतात. दशावताराला लिहिलेली संहिता नसते, नट संवाद उभ्याउभ्या रचतात. म्हणून त्या रात्रीची कॅसेट गेली की ते नाटक गेलेच. या कॅसेटी डिजिटल करून नव्या नटांना, अभ्यासकांना आणि मुंबईतल्या चाकरमान्यांना फोनवर ऐकवण्याचे काम आमच्या ग्रंथालयाने घेतले आहे.

टेपच्या कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती बहुधा बुरशी असते. अशी कॅसेट वाजवू नका, रिवाइंडही करू नका. बुरशी टेपरेकॉर्डरच्या हेडला, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागाला, लागते आणि तिथून पुढच्या कॅसेटीत जाते. चांगल्या कॅसेटीच्या मागच्या कडेचे दोन छोटे टॅब मोडून टाका, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरे काही टेप होणार नाही.

सर्वांत जास्त वेळ हेडचा कोन जुळवण्यात जातो. प्रत्येक टेपरेकॉर्डरचा कोन थोडा वेगळा असतो. तो जुळला नाही तर आवाज घोंगडीखालून आल्यासारखा येतो. हेडजवळचा स्क्रू अगदी किंचित फिरवत झांज सर्वांत लखलखीत ऐकू येईल तिथे थांबायचे. दर कॅसेटीला हे पुन्हा करावे लागते. यूएसबीचे स्वस्त प्लेअर इथे निरुपयोगी. त्यांचा वेग डळमळतो आणि पायपेटीचा सूर हलतो.

मूळ प्रत ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट वेव्ह फाइलमध्ये ठेवतो. तासाला सुमारे १ जीबी, म्हणजे ९० मिनिटांच्या ५०० कॅसेटींना साधारण ८०० जीबी. प्रती तीन, त्यातली एक दुसऱ्या गावात. खरखर काढणारे सॉफ्टवेअर मूळ प्रतीला लावत नाही. खरखरीबरोबर झांजेची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नादही जातो. ऐकण्यासाठी ६४ केबीपीएसची एमपी३ पुरते, तासाला जेमतेम २९ एमबी.

हवे आहे ते असे: दोन टेपडेक (बंद असले तरी चालतील, बेल्ट बदलता येतो, मात्र झिजलेले हेड नको), एक ऑडिओ इंटरफेस (टेपचा आवाज संगणकात घेणारे यंत्र), २ टीबीच्या तीन हार्डडिस्क. आणि मालवणी समजणारे कान! दशावतारातल्या संकासुराचे मालवणी विनोद ऐकून लिहून काढण्याचे काम यंत्रावर सोडवत नाही. हे काम मुंबईत बसूनही होईल.

कॅसेटीवर गाव, नाटक कंपनी, आख्यान, अंदाजे साल आणि ओळखू येणारे नट लिहून द्या. कलाकारांचे हक्क प्रयोगानंतर ५० वर्षे राहतात, त्यामुळे त्यांच्या किंवा वारसांच्या लेखी संमतीशिवाय काहीही ऑनलाइन जाणार नाही. संमतीचा छापील अर्ज ग्रंथालयात मिळेल.

पैशांची देणगी ग्रंथालयाच्या नावे चेकने द्या आणि पावती मागून घ्या. कॅसेटी शक्यतो पावसाआधी पोचवा, कागदात गुंडाळून. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून नको, आत दमट हवा कोंडते.